मडकं आणि हिरवं बटण

निवृत्तीनंतर माणसानं काय व्हावं, याचे आपल्याकडे बरेच पर्याय आहेत. कोणी ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस होतो, कोणी सोसायटीचा अध्यक्ष, कोणी नुसताच मधुमेही. मी माणूस झालो. पदाचं नावच तसं होतं. इंग्रजीत जरा लांबलचक होतं, पण मराठीत उतरवलं की एवढंच उरायचं.

झालं असं, की माझी एक जुनी विद्यार्थिनी नाशिकच्या आसपास भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या बायकांसाठी संस्था चालवते. संस्थेला परदेशातून मदत मिळते. मदत देणाऱ्यांनी त्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता दिली. ती फोनमधून बायकांशी मराठीत बोलणार, पिकाची चौकशी करणार, सल्ला देणार आणि कोणत्या गटाला काय मदत करावी याचं मतही देणार होती. मात्र एक अट होती. मशीनचं कोणतंही मत एका माणसानं डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जाता कामा नये.

"त्या माणसाची जागा रिकामी आहे, सर," विद्यार्थिनी म्हणाली.

"पात्रता काय?"

"मराठी यायला हवं, इंग्रजी यायला हवं आणि वेळ हवा."

"मी जन्मभर इतिहास शिकवला. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही."

"शेतीतलं मशीनला कळतं, सर. तुम्ही फक्त माणूस म्हणून बघायचं."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायकोनं कुकरची शिट्टी होईपर्यंत विचार केला आणि विचारलं, "माणूस म्हणून नेमलं तुम्हाला? आधी काही चौकशी केली का त्यांनी?"

उद्घाटन महामार्गावरच्या एका हॉटेलात झालं. परदेशी पाहुण्यांना फेटे बांधले होते. फेटा डोक्यावर असताना मान किती हलवायची याचा अंदाज त्यांना नव्हता, त्यामुळे ते सगळ्याच भाषणांना एकसारखे गंभीर दिसत होते. व्यासपीठावर टेबल होतं, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता. हार इतका घसघशीत होता, की पडद्याचा डावा भाग त्याखाली गेला आणि ‘जबाबदारी’ हा शब्द बराच वेळ नुसता ‘दारी’ एवढाच दिसत होता. हे यंत्र जबाबदारीनं वापरलं पाहिजे, असं प्रत्येक वक्ता म्हणाला. जबाबदार कोण, ते कोणी म्हणालं नाही. शेवटी एक चित्र दाखवलं. त्यात बाण गोल फिरत होते. शेतकरी बाई, तिच्यापासून मशीन, मशीनपासून मदत, मदतीपासून पुन्हा बाई. त्या गोलात एका जागी काडीचा एक छोटा माणूस उभा होता. हात लांब केलेले, चेहरा नाही.

"ते तुम्ही," विद्यार्थिनी कानात म्हणाली.

कामाची पद्धत सोपी होती. रोज संध्याकाळी मशीन बायकांना फोन करायचं. "नमस्कार. आज तुमचं पीक कसं आहे? काही अडचण आहे का?" इतक्या शुद्ध मराठीत आणि इतक्या आपुलकीनं, की हे कोणाच्याच घरचं नाही हे ताबडतोब कळावं. बाई बोलायची. मशीन ते लिहून काढायचं, त्याचा अर्थ लावायचं आणि मत द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या कार्यालयात, गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीला काच लावून केलेल्या खोलीत, ते सगळं माझ्यासमोर यायचं. खाली दोन बटणं होती. हिरवं म्हणजे मला मान्य, लाल म्हणजे अमान्य. हिरवं दाबलं की काम संपलं. लाल दाबलं की मशीन कारण विचारायचं.

पहिल्याच आठवड्यात एका बाईला मशीननं विचारलं, पीक कसं आहे. बाई म्हणाली, "कशात काय अन् फाटक्यात पाय." मशीननं अर्थ लावला, की बाईच्या पायाला फाटक्या चपलेमुळे जखम झालेली असावी, तिनं जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. मी लाल बटण दाबलं आणि स्वतःवर खूश झालो. माणूस लागतो तो असा, असं वाटलं. पुढे बरेच दिवस मी त्या खुशीवर काढले.

घोळ सुरू झाला तो झेंडूवरून.

दिंडोरीच्या पुढे वणीच्या रस्त्यावर आत एक गाव आहे. तिथल्या बायकांचा गट नवरात्र आणि दसऱ्यासाठी झेंडू लावतो. गटाची अध्यक्ष एक चाळिशीची बाई. तिला सगळे अध्यक्षताई म्हणतात, घरातलेसुद्धा. त्यात थोडा मान आणि बराच टोमणा असतो. आधीच्या दसऱ्याला तिच्या शब्दावर सगळ्यांनी मिळून झेंडू लावला आणि ऐन आदल्या दिवशी बाजार असा पडला, की फुलं रस्त्याच्या कडेला ओतावी लागली. दोन-तीन दिवस गारव्यात ठेवता आली असती तर थांबता आलं असतं. तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं, गावात कोल्ड रूम. परदेशी संस्था पहिल्या फेरीत एकच कोल्ड रूम देणार होती, आणि ती मिळाली नाही तर गट मोडणार हे उघड होतं. गट मोडला की बायकांची फुलं पुन्हा अध्यक्षताईंच्या दिराच्या पिकअपमधून जाणार. दीर सांगेल तो भाव, दीर सांगेल तो दिवस. गट निघायच्या आधी तसंच होतं आणि दिराला ते फार सोयीचं वाटायचं.

कोल्ड रूम कोणाला द्यायची, ते मशीननं सुचवायचं होतं. निकष मदत देणाऱ्यांनी ठरवला होता, आणि कागदावर तो चांगला दिसत होता. गटाला स्वतःच्या पिकाबद्दल आत्मविश्वास आहे का, हे त्यांच्याच रोजच्या बोलण्यावरून पाहायचं. बाहेरच्या माणसानं येऊन परीक्षा घेण्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

त्या गावाबद्दल मशीनचं मत एका सकाळी माझ्यासमोर आलं. "समूहाचा स्वतःच्या पिकावर विश्वास नाही. निराशा तीव्र. सध्या शिफारस करता येत नाही."

मी मागचं सगळं बोलणं काढून वाचलं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. "औंदा काय खरं नाय." "हे काय, नावाला हे पीक." "गेलं म्हना सगळं." "देवाला वाहण्यापुरतं निघालं तरी लय झालं." पानंच्या पानं असं. अध्यक्षताई तर सगळ्यात पुढे. मी दोन्ही बटणांकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी निमाणी स्टँडवरून वणीच्या बसमध्ये बसलो. फाट्यावर उतरून पुढे काळी-पिवळी जीप.

शेत लांबूनच दिसलं. झेंडू असा काही फुलला होता, की उन्हात त्याच्याकडे सरळ बघवत नव्हतं. अध्यक्षताई बांधावर उभ्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे फोनमागं तुम्ही बसता व्हय?"

"बोलतं मशीन. नंतर मी वाचतो."

"सगळं?"

"सगळं."

"मग बरंय. कोनीतरी हाय म्हनायचं. मला वाटायचं इहिरीत बोलतोय."

मी झेंडूकडे हात केला. "ताई, पीक तर सुरेख आलंय."

त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला जमिनीकडे तोंड करून थुंकल्यासारखं केलं. "कशाचं काय, सर. दिसायला हे नुस्तं."

"पण फोनवर तुम्ही सगळं गेलं म्हणून सांगता. मशीनला ते खरं वाटतं. त्याच्यावरून कोल्ड रूम अडलीय. एकदा फोनवर सांगून टाका ना, पीक चांगलं आहे म्हणून."

"सोताच्या तोंडानं?"

"हो."

"दसऱ्याच्या तोंडावर?"

शेताच्या मधोमध एका काठीवर काळं मडकं पालथं घातलं होतं. त्याच्यावर चुन्याचे पांढरे ठिपके. अध्यक्षताईंनी त्याच्याकडे बोट केलं. "ते मडकं कशाला टांगलंय, सर? नजर लागू नये म्हनून. मडकं टांगायचं आन् तोंडानं गुन गायचे, मग मडकं तरी कशाला? त्येच उतरवते आन् तुमच्या मशीनला टांगते."

"अहो, पण मशीनला कुठे नजर असते?"

"मशीनला नसंल. पन फोन माझ्या हातात, मी वट्यावर, आन् शेजारीन भिंतीपल्याड. तिला असती की." एवढं बोलून त्या हसल्या. मग हसू मावळलं. "सर, तुम्हाला तर कळतंय ना, मी काय म्हनते ते? तुम्ही एका वाक्यात वळखलं. मग त्याला का नाय कळत? एवढं शिकवलंय म्हन्तात त्याला."

निरोप घेताना त्या जीपपर्यंत आल्या. "एवढं बघा, सर. बायकांना मी शब्द दिलाय. औंदा बी फुलं रस्त्यावर गेली, तर मला त्या अध्यक्षताई म्हनायच्या नायत. दुसरंच कायतरी म्हनतील." वाटेत एक पिकअप उभी होती. तिच्यात बसलेला माणूस आमच्याकडे पाहत होता. "भावजी हायेत," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "थांबलेत. गट मोडायची वाट बघत."

नाशिकला आल्यावर मी लाल बटण दाबलं. मशीननं कारण विचारलं आणि चार पर्याय दिले. एक, यंत्राला शब्द नीट ऐकू आले नाहीत. दोन, बोलणाऱ्यानं दिलेली माहिती खोटी आहे. तीन, माहिती अपुरी आहे. चार, इतर. शब्द नीट ऐकू आले होते. माहिती भरपूर होती. उरले दोन पर्याय. मी विद्यार्थिनीला बोलावलं.

"म्हणजे सर, त्या खोटं बोलतात असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही. खोटं नाही."

"मग खरं बोलतात?"

"खरंही नाही."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "सर, खोटं म्हणालात तर गट विश्वासार्ह नाही असं होईल आणि त्यांचं नाव कायमचं जाईल. खरं म्हणालात तर पीक गेलेलं आहे, म्हणजे कोल्ड रूममध्ये ठेवायला काही नाही. तिसरं काही असेल तर सांगा. पण तिसऱ्याला बटण नाहीये."

मी ‘इतर’ निवडलं आणि खाली चांगलं दोन पानी टिपण लिहिलं. आपल्याकडचा शेतकरी आपलं पीक चांगलं असल्याचं कधीच का म्हणत नाही, गोठ्यातली गाय भरपूर दूध देत असली तरी "देते बापडी चहापुरतं" असंच का म्हणायचं, बाळ गुटगुटीत असलं की त्याला तीट का लावतात, हे सगळं मी इतिहासाच्या शिस्तीत मांडलं. लिहून झाल्यावर मला ते आवडलंही. दुसऱ्या दिवशी कळलं, की टिपणं वाचायलाही मशीनच आहे. त्यानं माझ्या दोन पानांचा सारांश एका ओळीत केला होता. "परीक्षकाच्या मते गावात अंधश्रद्धेचं प्रमाण जास्त असून आधुनिक साधन स्वीकारण्याबाबत जोखीम संभवते." त्याखाली पुन्हा दोन बटणं. माझ्या म्हणण्याचा मशीननं लावलेला अर्थ मला मान्य आहे का?

मी संगणक बंद केला आणि घरी गेलो. बायकोनं विचारलं, आज काय केलं. म्हटलं, एका बाईला मदत करायला गेलो आणि तिला आणखी खड्ड्यात घातलं. ती म्हणाली, "मशीननं?" मी म्हटलं, "तेच कळत नाहीये."

शेवटी विद्यार्थिनीनं एक शक्कल काढली. मदत देणाऱ्यांकडच्या एक परदेशी बाई पाहणीसाठी नाशिकला येणार होत्या. त्यांना थेट त्या शेतातच न्यायचं. डोळ्यांनी पाहतील, प्रश्नच मिटेल. दुभाषा म्हणून अर्थातच मी.

पाहुण्या बाई मनानं चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. गाडीत त्यांनी आधीच्या मुक्कामातला फेटा मांडीवर नीट ठेवला होता, कोणाचा अपमान नको म्हणून. वाटेत त्यांनी मला नजरेबद्दल बरंच विचारलं. माझं टिपण, म्हणजे त्याची ती एक ओळ, त्यांनी वाचली होती. मग आम्ही शेतात पोचलो. झेंडू तसाच पेटलेला. मडकं जागेवर. अध्यक्षताई डोक्यावरून पदर घेऊन बायकांसह उभ्या. मी मनात म्हटलं, आता काही बोलायची गरजच नाही.

पाहुण्या बाईंनी हात जोडले आणि विचारलं, "पीक कसं आहे?" मी मराठी केलं.

अध्यक्षताईंनी माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, मग फुलांकडे. मला आशा वाटली.

"कशाचं काय, बाई," त्या म्हणाल्या. "औंदा काय खरं नाय."

आता मी काय करायला हवं होतं? मला नेमलं होतं ते भाषांतराला. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. पाहुण्यांनी फुलांकडे बोट दाखवलं. मग ही? "ही काय," अध्यक्षताई म्हणाल्या, "दिसायला हेत नुस्ती." तेही मी सांगितलं. पाहुण्या बाईंनी हळूच डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि काही वेळ मान खाली घालून उभ्या राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

अध्यक्षताई माझ्याजवळ सरकल्या. "सर," त्या कुजबुजल्या, "यांच्या घरी कोनी गेलं का?"

"नाही. तुमच्या पिकाचं वाईट वाटतंय त्यांना."

"अगं बाई." त्यांनी पाहुण्यांच्या दंडावर हात ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "चहा टाका गं. साखर जास्त."

परतीच्या वाटेवर पाहुण्या बाईंनी फेटा मांडीवरून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, की आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. कोण तयार आहे असं नाही, कोणाला जास्त गरज आहे असं विचारायला हवं होतं. यंत्र जबाबदारीनं वापरायचं म्हणजे हेच. त्यांनी निकष बदलायला लावला. मशीननं त्याच पानंच्या पानं बोलण्यावर नव्यानं नजर फिरवली आणि मत दिलं, की निराशा तीव्र आहे, सबब या गटाला सर्वांत आधी कोल्ड रूम द्यावी. खाली दोन बटणं. मी हिरवं दाबलं. योग्य गोष्ट योग्य ठिकाणी चालली होती आणि तिच्यातलं एकही कारण खरं नव्हतं. अशा वेळी माणसानं काय म्हणून हिरवं दाबायचं असतं, हे उद्घाटनाच्या कोणत्याच भाषणात नव्हतं.

कोल्ड रूम नवरात्राच्या थोडी आधी आली. पांढरी खोली, वर सौर पट्ट्या, एक जाड दार. त्या दसऱ्याला फुलं रस्त्यावर गेली नाहीत, एवढं मला बाहेरून कळलं. फोनवर मात्र अध्यक्षताई रोज म्हणत, "कसली कोल्ड रूम, डबा हे नुस्ता." "गार होतो म्हन्तात. होत असंल." मशीन त्या बोलण्यापुढे ‘अडचण’ म्हणून लाल खूण लावायचं, तंत्रज्ञ पाठवावा असं सुचवायचं. मी वाचायचो, मनातल्या मनात हसायचो आणि ‘माहिती अपुरी’वर बोट ठेवून त्याचं मत नामंजूर करायचो. आता मशीनला लाल दिसलं की मला समाधान वाटायचं. हे जबाबदारीच्या कोणत्या कलमात बसतं मला माहीत नाही.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी अध्यक्षताईंचं बोलणं आलं. "सगळं छान चाललंय. काय बी अडचन नाय. कोल्ड रूम लय चांगली हे. सगळ्या बाया खूश हायेत." मशीननं हिरवं दाखवलं. त्या गावातून पहिल्यांदाच असं आलं होतं, म्हणून त्याच्या शेजारी छोटासा ताराही चमकत होता. गटाचा आत्मविश्वास वाढला आहे, असं मशीनचं मत. अभिनंदन पाठवायचं का?

माझा हात बटणावरच थांबला. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आवाज नेहमीचाच होता, जरा जास्त सावकाश. मागे कोणीतरी खाकरलं. मी त्यांना फोन लावला.

"कसं काय, ताई?"

"छान, सर. सगळं छान."

"नक्की?"

"लय छान," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला काही ठरवता येईना. मशीनशी कसं बोलायचं हे त्या शिकल्या असतील. मीच तर त्यांना शिकवायला गेलो होतो. किंवा खरंच छान असेल. असूही शकतं, जगात अधूनमधून असतं. विद्यार्थिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "सर, त्या वाईट म्हणाल्या तेव्हा तुम्ही म्हणालात चांगलं आहे. आता चांगलं म्हणतात, तर तुम्ही म्हणता वाईट आहे. मग त्यांना विचारायचं तरी कशाला?" तिचा प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच मी बसमध्ये बसलो. संस्थेची गाडी होती, पण गाडी गावात शिरायच्या आधी तिची बातमी शिरते.

कोल्ड रूमच्या दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून अध्यक्षताईंचे दीर बसले होते. किल्ली बोटात फिरत होती. पिकअप मागं लावलेली, आणि आत आगाप द्राक्षांचे क्रेट चालले होते. पिंपळगावच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचे. बायकांची शेवंती बाहेर सावलीत गोणपाटाखाली होती.

"या सर, या," दीर उठून म्हणाले. "बायांना मशिनरीतलं काय कळतंय? म्हटलं आपन लक्ष घालावं. वहिनी, पानी आना सरांना."

अध्यक्षताई पाणी घेऊन आल्या. तांब्या पुढे करताना त्यांनी वर पाहिलं.

"आलात," त्या म्हणाल्या.

"छान चाललंय म्हणालात."

"मग काय म्हनू? भावजी समोर उभे. रोजच्यासारखं डबा हे म्हटलं असतं, तर तुम्ही रोजच्यासारखं हसून सोडून दिलं असतं." त्यांनी पदर सारखा केला. "म्हटलं, मशीनला नाय कळायचं. पन मागं बसलेत त्यांना कळंल."

मी पाणी प्यायलो.

पुढचं विद्यार्थिनीनं केलं. खोली गटाच्या नावावर आहे, किल्ली गटाकडेच राहील असं ठरलंय, नाहीतर खोली परत जाईल, असं ती चारचौघांत सांगू लागली. आवाज न चढवता, पण थांबतही नव्हती. गावातली दोन वडीलधारी माणसं येऊन बसली. बराच वेळ कोणीच मुद्द्याचं बोललं नाही. पावसावर झालं, वणीच्या गडावरच्या गर्दीवर झालं. मग दिरांनी किल्ली खुर्चीवर ठेवली. "मला काय, कटकटच होती," ते म्हणाले. "वहिनींना हौस हे तर सांभाळू द्या." द्राक्षाचे क्रेट बाहेर आले. शेवंती आत गेली. अध्यक्षताईंनी किल्ली कनवटीला लावली आणि कोणाकडेही पाहिलं नाही.

नाशिकला येऊन मी त्या चमकत्या ताऱ्याखालचं लाल बटण दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं, "बाई छान म्हणाल्या." मशीननं नम्रपणे कळवलं, की हे कारण ग्राह्य नाही, कृपया चारपैकी एक पर्याय निवडावा. मी अजून निवडलेला नाही. ती नोंद तशीच उघडी आहे, आणि रोज सकाळी सगळ्यात वर दिसते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षताईंचं बोलणं आलं. मी आधी ऐकलं, मग वाचलं. "कशाचं काय, सर. आता दारच नीट लागत नाय. गारवा जातो सगळा." आवाज नेहमीचा, भरभर. मागे बायकांचं हसणं. मशीननं लाल दाखवलं आणि दुरुस्तीला माणूस पाठवावा असं सुचवलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी ताबडतोब त्याचं मत नामंजूर करायला हात पुढे केला.

आणि मग मनात आलं, दार खरंच लागत नसलं तर?

जाड दार आहे. इतके क्रेट आत-बाहेर झालेत. रबर निघालंही असेल. मी पुन्हा ऐकलं. हसणं होतं, पण बायका कशालाही हसतात. फोन करावा तर त्या काय म्हणणार, ते मला माहीत होतं, आणि त्याचा अर्थ काय, ते मात्र माहीत नव्हतं. बायकोला फोन करून सांगितलं, की आज जेवायला उशीर होईल. तिनं विचारलं, कुठे निघालात. म्हटलं, एक दार लागतं का ते बघून येतो.